दडपलेला आवाज आणि त्याची जागा : कचारगडच्या निमित्ताने रेडिओ माहितीपटाचे ध्वनिसंयोजन

घडलेल्या घटनेची किंवा एखाद्या व्यक्तीच्या आयुष्याची हकिकत मुलाखती, प्रत्यक्ष स्थळावरचे आवाज, जुनी ध्वनिमुद्रणे आणि निवेदन यांच्या आधारे केवळ कानांसाठी उभी करणाऱ्या प्रकाराला रेडिओ माहितीपट म्हणतात. आकाशवाणीच्या परिभाषेत त्याला जवळचा असलेला प्रकार 'रूपक' या नावाने ओळखला जातो. यातले कोणते आवाज घ्यायचे, कोणता पुढे आणि कोणता मागे ठेवायचा, दोन आवाजांमध्ये किती शांतता सोडायची हे ठरवण्याच्या कामाला ध्वनिसंयोजन, किंवा या व्यवसायातल्या रोजच्या बोलीत साउंड डिझाइन, असे म्हटले जाते. माहितीपटाचा विषय जेव्हा छळ सोसलेला गायक असतो, तेव्हा हे काम विशेष अवघड होते, कारण श्रोत्याला जे ऐकवायचे असते नेमके तेच कोणीतरी ऐकू येऊ दिलेले नसते. गायकाला गाण्यापासून रोखणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला एखाद्या जागेपासून तोडणे असते, मग ती जागा चौक असो, सभेचे मैदान असो, रेडिओचा स्टुडिओ असो किंवा देशाची सीमा असो. म्हणून अशा माहितीपटात गाण्याइतकीच गाण्याभोवतीची जागा ऐकू आली पाहिजे, आणि ध्वनिसंयोजनाचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय या जागेविषयीच असतात. ही गोष्ट समजून घेण्यासाठी गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले कचारगड हे अत्यंत योग्य ठिकाण आहे, कारण तेथे एका वादकाची स्मृती आणि एक गुहा परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

कचारगड आणि हिरासुका पाटालीर

कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान महाराष्ट्र आणि छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगररांगेत असून धनेगाव हे त्याच्या पायथ्याचे गाव आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा हे जवळचे रेल्वेस्थानक आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे भरणाऱ्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून भाविक येतात, सप्तरंगी ध्वज आणि देवतांच्या मिरवणुका घेऊन डोंगर चढतात आणि 'जय सेवा' म्हणत एकमेकांना अभिवादन करतात. या यात्रेला आजचे संघटित रूप १९८०च्या दशकात मिळाले, आणि त्यात गोंडी भाषा व संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या कार्यकर्त्या विद्वानांचा मोठा वाटा होता.

कोया पुनेम या गोंडी धर्मपरंपरेतील कथेनुसार काली कंकालीची मुले या डोंगरातल्या गुहेत कोंडली गेली होती आणि गुहेच्या तोंडावर एक प्रचंड शिळा बसवलेली होती. धर्मगुरू पारी कुपार लिंगो यांचे मार्गदर्शन, जंगो रायताड यांची माया आणि हिरासुका पाटालीर यांचे वादन या तिन्हींच्या बळावर ती मुले मुक्त झाली. पाटालीरांच्या किंगरी या तंतुवाद्याच्या स्वरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ आले, शिळा हलली आणि घरंगळली, परंतु तिच्याखाली सापडून तो वादक स्वतः प्राणास मुकला असे ही कथा सांगते. मौखिक परंपरेत तपशील प्रांतागणिक बदलतात. ख्रिस्ती मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतात जमवलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले लिंगोचे दीर्घ गीत या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण त्यात स्वतः लिंगोच वाद्य वाजवणारा आहे आणि खोट्या आरोपावर विश्वास ठेवून त्याचेच भाऊ त्याला ठार करतात, पुढे देवांच्या कृपेने तो पुन्हा जिवंत होतो आणि कोंडलेल्या गोंडांची सुटका करतो. वादकाचा छळ, बंदिवास आणि संगीताने होणारी सुटका हे तिन्ही धागे म्हणून या समाजाच्या स्मृतीत फार जुने आहेत, आणि ती स्मृती पिढ्यान्‌पिढ्या जपणारे परधान हे स्वतः गायक-वादकच आहेत: यजमान गोंड कुटुंबांकडे ठरावीक काळाने जाऊन, गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या साथीने त्यांच्या कुळांची आणि देवांची गाथा गाणे हे त्यांचे परंपरागत काम होते.

ध्वनिमुद्रण नसलेला गायक

ध्वनिसंयोजकाच्या दृष्टीने छळ सोसलेल्या गायकांचे प्रकार त्यांचा किती आवाज आज हाती आहे यावरून पाडता येतात, आणि सर्वांत अवघड प्रकार म्हणजे ज्याचे एकही मुद्रण नाही असा गायक. पाटालीर कथेतले असल्यामुळे या प्रकारात मोडतात. परंतु लिखित इतिहासातही त्याचे उदाहरण गोंडवनातच, म्हणजे गोंडांच्याच मुलखात, सापडते. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना ब्रिटिशांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे तोफेच्या तोंडी दिले, आणि त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात शत्रूचा संहार करण्याची देवीला विनवणी करणारी, त्यांच्या घरी सापडलेली पद्यरचना प्रमुख होती. एखाद्या रचनेसाठी माणसाचा जीव घेतला गेल्याचा हा पुरावा कागदावर आहे, मात्र त्या माणसाचा स्वर कोठेही नाही.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग म्हणजे भारदस्त आवाजाच्या नटाकडून त्या व्यक्तीचे बोलणे वठवून घेणे आणि पाठीमागे तोफेचा आवाज लावणे, कारण माहितीपटाचा श्रोता जे ऐकतो ते पुरावा म्हणून ऐकत असतो आणि बनवलेला आवाज त्याच्या मनात खऱ्या आवाजाची जागा घेऊन बसतो. त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग अनेक आहेत. रचना आजच्या एखाद्या वाचकाकडून आजचे वाचन म्हणूनच वाचून घेता येते, म्हणजे वाचणारा कोण आणि तो कोठे बसला आहे हे श्रोत्याला आधी कळते. ती दोन-तीन निरनिराळ्या माणसांकडून वाचून घेतली तर कोणताही एक स्वर मूळ स्वर असल्याचा भास होत नाही. मौखिक कथेची भिन्न रूपे असतील तर तीही एकमेकांशेजारी ठेवता येतात. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६७ मध्ये तेथील रेडिओसाठी केलेल्या 'द आयडिया ऑफ नॉर्थ' या कार्यक्रमात अनेक वक्त्यांचे बोलणे संगीतातल्या स्वरांप्रमाणे एकमेकांत गुंफले होते. कचारगडची कथा धनेगावचा वृद्ध, तेलंगणातली भाविक स्त्री आणि परधान गायक अशा तिघांच्या तोंडून, एकाचे वाक्य संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू करून ऐकवली, तर तपशिलांमधली तफावत दोष न वाटता जिवंत परंपरेची खूण वाटू लागते.

गुहेचा आवाज

ज्याचा आवाज उरलेला नाही त्याची जागा मात्र अनेकदा उरलेली असते, आणि जागेला स्वतःचा आवाज असतो. शाळेच्या विज्ञानात प्रतिध्वनी आणि निनाद यांतला फरक शिकवला जातो: मूळ ध्वनीची जाणीव कानात सुमारे ०.१ सेकंद टिकत असल्यामुळे परावर्तित ध्वनी त्यानंतर पोहोचला तर तो वेगळा, म्हणजे प्रतिध्वनी म्हणून, ऐकू येतो आणि त्यासाठी २२ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो. याउलट अनेक परावर्तने इतक्या दाटीने येत राहिली की ती वेगळी ओळखू येत नाहीत आणि आवाज विरत-विरत लांबतो, तेव्हा त्याला निनाद म्हणतात. हा निनाद किती काळ टिकेल याचे गणित अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा काळ हा जागेच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तेथील एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि उघडी खिडकी किंवा दार हे पूर्ण शोषक मानले जाते, कारण तेथून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला कचारगडच्या कथेत विलक्षण अर्थ प्राप्त होतो. मीटरमधली मापे घेऊन, केवळ उदाहरणादाखल, १०,००० घनमीटर घनफळाची आणि ४०० चौरस मीटर इतक्या शोषणाची बंद गुहा मानली, तर सॅबिनच्या सूत्राने निनाद सुमारे ४ सेकंद टिकतो. तिच्या तोंडावरची १०० चौरस मीटरची शिळा दूर झाली की शोषण ५०० वर जाते आणि निनाद ३.२ सेकंदांवर येतो. हा फरक सामान्य कानालाही सहज जाणवतो. म्हणजे सुटकेचा क्षण सांगण्यासाठी दगड कोसळल्याचा गडगडाट, नगारे किंवा निवेदकाचे चढ्या पट्टीतले वाक्य यांपैकी कशाचीही गरज नाही. एकच किंगरी वाजत असताना तिच्याभोवतीचा निनाद आखूड झाला आणि बाहेरच्या रानाचे, पाखरांचे आवाज हळूहळू आत येऊ लागले, की गुहा उघडली हे श्रोत्याला कानानेच कळते. ध्वनिसंयोजनाचे सामर्थ्य अशा ठिकाणी दिसते, कारण अर्थ शब्दांतून न सांगता जागेच्या बदलातून पोहोचलेला असतो.

हे साधण्यासाठी गुहेचा निनाद मोजून टिपावा लागतो. त्याची रूढ पद्धत अशी की गुहेत एक अत्यंत आखूड, ठसठशीत आवाज काढायचा किंवा खालच्या वारंवारतेपासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा अखंड स्वर ध्वनिवर्धकातून वाजवायचा आणि जागेने त्याला दिलेला प्रतिसाद मुद्रित करायचा. पुढे संगणकावर तो प्रतिसाद दुसऱ्या कोणत्याही कोरड्या, म्हणजे निनादरहित, मुद्रणावर गणिताने लावला की ते मुद्रण त्या गुहेत झाल्यासारखे ऐकू येते. अभियंते यासाठी पुष्कळदा फुगा फोडतात, परंतु गुहेत वटवाघळांची वस्ती किंवा मधमाश्यांची पोळी असतील तर ते धोक्याचे ठरते, आणि कचारगड हे मुळात पूजास्थान असल्यामुळे तेथे काय वाजवावे व कधी वाजवावे हे स्थानिक पुजारी आणि यात्रेचे व्यवस्थापन यांना विचारूनच ठरवले पाहिजे. अनेकदा एका माणसाची टाळी पुरेशी असते.

किंगरीचे मुद्रण स्वतंत्र आणि शांत वेळी करणे श्रेयस्कर असते. हे गजाने वाजवायचे, मर्यादित आवाजाचे वाद्य आहे आणि यात्रेच्या दिवशी ढोलांपुढे ते बुडून जाते. माईक वादकापासून हातभर अंतरावर, वाद्याच्या पोकळ भागाकडे थोडा तिरपा ठेवला की गजाचे केस तारेवर टेकताना निघणारी खरखर, स्वर स्थिर होण्याआधीचा किंचित डळमळाट आणि वादकाचा श्वास हे सर्व मिळते. स्टुडिओतले तंत्रज्ञ ज्याला सफाई म्हणतात त्यात हेच सर्वप्रथम पुसले जाते, आणि पुसले की वाद्यामागचा माणूसही पुसला जातो. याच्या जोडीने एक दूरचा माईक गुहेच्या मध्यभागी ठेवून दोन्हींचे प्रमाण नंतर ठरवता येते. मुद्रण संपल्यावर कोणीही न बोलता, न हलता त्या जागेची दोन-तीन मिनिटांची शांतताही मुद्रित करून घेतात. या व्यवसायात तिला रूम टोन म्हणतात, आणि दोन तुकडे जोडताना मध्ये पोकळी ऐकू येऊ नये म्हणून तीच वापरली जाते.

तारेतून गेलेला आवाज

दुसरा प्रकार अशा गायकांचा की ज्यांचा आवाज उरला, परंतु अडथळ्यातून गाळून. अमेरिकन कृष्णवर्णीय गायक आणि नागरी हक्कांचे पुरस्कर्ते पॉल रोब्सन यांचे पारपत्र त्यांच्या राजकीय मतांमुळे १९५० मध्ये त्यांच्या सरकारने रद्द केले आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९५८ मध्ये त्यांना परत मिळाले. मधल्या काळात, १९५२ मध्ये, त्यांनी अमेरिका-कॅनडा सीमेवर एका मालमोटारीवर उभे राहून पलीकडच्या बाजूला जमलेल्या कॅनडातील श्रोत्यांसाठी गायन केले. आणि अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली दूरध्वनी तार १९५६ मध्ये सुरू झाल्यानंतर, २६ मे १९५७ रोजी तीच तार वापरून ते न्यूयॉर्कहून लंडनच्या सभागृहातल्या श्रोत्यांसमोर गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या खाणकामगारांच्या उत्सवातही त्यांचे गाणे अशाच मार्गाने पोहोचले.

दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतक्याच वारंवारता वाहून नेतो. खर्जात गाणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असू शकतो, म्हणजे अशा वाहिनीत तो मूळ स्वर शिरतच नाही. तरीही श्रोत्याला खर्जच ऐकू येतो, कारण ३००, ४००, ५०० हर्ट्झ अशा वरच्या उपस्वरांमधले समान अंतर ओळखून मेंदू गहाळ झालेला १०० हर्ट्झचा स्वर स्वतः भरून काढतो. श्रवणविज्ञानातली ही सुप्रतिष्ठित घटना अशा माहितीपटाच्या कर्त्याला एक व्यावहारिक धडा देते. जुन्या, अरुंद, खरखरणाऱ्या मुद्रणाला आधुनिक साधनांनी भरघोस आणि चकचकीत करण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण त्याचा अरुंदपणा हाच त्या काळच्या बंदीचा ऐकू येणारा पुरावा असतो, आणि श्रोत्याचा मेंदू उरलेले काम करण्यास समर्थ असतो. शब्द कळण्याइतपत खरखर कमी करणे योग्य. त्यापलीकडची रंगरंगोटी ही इतिहासात केलेली दुरुस्ती ठरते.

दोन प्रकारच्या शांतता

तिसरा प्रकार प्रत्यक्ष रेडिओनेच गप्प केलेल्या गायकांचा आहे आणि महाराष्ट्राला तो जवळून माहीत आहे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी १९३०च्या दशकात मुंबई नभोवाणी केंद्रावरच्या आपल्या कार्यक्रमात 'वंदे मातरम्' गायला सुरुवात करताच प्रक्षेपण तोडण्यात आले, आणि या अपमानाचा निषेध म्हणून त्यांनी स्वातंत्र्य मिळेपर्यंत नभोवाणीवर बहिष्कार घातला. पुढे आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, सरकारी कार्यक्रमाला नकार दिल्यामुळे किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. अशा घटनांमध्ये घटना म्हणजेच शांतता असते, आणि ती ऐकवणे हे रेडिओवर सर्वांत कठीण काम आहे, कारण काही सेकंद आवाज आला नाही की श्रोत्याला यंत्र बिघडल्यासारखे वाटते आणि प्रक्षेपण केंद्रांवर तर अशी पोकळी ओळखून इशारा देणारी साधनेच बसवलेली असतात.

यासाठी दोन प्रकारच्या शांतता वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक शांतता जागेची असते: तिच्यात हवा, दूरचा वारा, कोणाच्या तरी कपड्यांची सळसळ असते आणि तीत माणूस हजर असतो. दुसरी शांतता संपूर्ण शून्याची असते, म्हणजे मुद्रणात एकही कंपन नसते, आणि निसर्गात ती कोठेच आढळत नसल्यामुळे कान तिला ताबडतोब अस्वस्थ होऊन ओळखतात. स्टुडिओतला माईक बंद केल्याचा प्रसंग सांगताना गाण्याच्या सुरुवातीच्या श्वासानंतर रूम टोनसकट सर्व काही एकदम शून्यावर आणले, आणि ही पोकळी एक-दीड सेकंदापेक्षा अधिक ताणली नाही, तर सत्तेची कृती श्रोत्याच्या स्वतःच्या कानांवर घडते. शोकाच्या, वाट पाहण्याच्या किंवा तुरुंगाबाहेरच्या कुटुंबाच्या शांततेसाठी मात्र शून्य वापरू नये. तेथे जागेची जिवंत शांतता हवी, कारण तेथे माणसे उरलेली असतात.

भरपूर मुद्रणे हाती असताना

गायकाची मुद्रणे विपुल असली म्हणजे काम सोपे होते असे नाही. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी उद्वेगाने स्वतःचे जीवन संपवले. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी त्याआधी १९८५ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवर केलेल्या चित्रपटात घोगरे यांचे गाणे होते. घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरू झालेले आणि सुमारे चौदा वर्षे चाललेले काम २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाच्या रूपाने पूर्ण झाले. हा चित्रपट असला तरी रेडिओ माहितीपटाच्या कर्त्याने त्यातून घेण्यासारखे बरेच आहे: हयात असताना मुद्रित झालेले गाणे मृत्यूनंतर ऐकताना तेच शब्द आणि तोच स्वर वेगळा अर्थ धारण करतात, आणि तो अर्थ ठसवण्यासाठी गाण्याखाली करुण वाद्यवृंद लावण्याची गरज पडत नाही. गाण्याचे मूळ मुद्रण त्याच्या गर्दीसकट, डफाच्या असमान ठोक्यांसकट आणि मध्येच येणाऱ्या मुलांच्या आवाजासकट संपूर्ण वाजू देणे, हीच तेथे आदराची कृती असते.

ब्रिटनमध्ये निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक इवन मॅक्कॉल व पेगी सीगर यांनी बीबीसीसाठी १९५८ ते १९६४ या काळात केलेल्या आठ 'रेडिओ बॅलड्स'नी या विचाराची पायाभरणी केली, कारण त्यांनी कामगारांचे आणि उपेक्षितांचे बोलणे नटांकडून वठवून न घेता सुवाह्य मुद्रणयंत्राने त्यांच्याच तोंडून टिपले आणि त्या बोलण्याच्या लयीवरून गाणी रचली. साम्यवादी विचारांच्या मॅक्कॉल यांच्यावर ब्रिटिश गुप्तचर खात्याची पाळत होती हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले. परधान गायकही यजमानाच्या घरच्या हकिकती गीतात गुंफत असत. त्यामुळे बोलणे आणि गाणे यांचा असा सांधा गोंडवनाच्या परंपरेला परका नाही.

जागा ओळखू येण्याचा धोका

जागा ऐकू आली पाहिजे या तत्त्वाला एक गंभीर अपवाद आहे, आणि तो साक्षीदारांच्या सुरक्षिततेचा आहे. छळाविषयी बोलणारी व्यक्ती अजूनही धोक्यात असेल, तर तिच्या मुलाखतीमागचा आवाज तिचा ठावठिकाणा उघड करू शकतो: दरेकशासारख्या स्थानकावरची उद्घोषणा, मुंबई-हावडा मार्गावरच्या मालगाड्यांचा क्रम, जवळच्या शाळेची प्रार्थना किंवा मंदिराची ठरलेल्या वेळेची घंटा यांवरून जाणकाराला गाव आणि वेळ दोन्ही हुडकता येतात. इतकेच नव्हे, तर विजेच्या उपकरणांची ५० हर्ट्झच्या आसपासची गुणगुण वीजजाळ्यातल्या सूक्ष्म चढउतारांनुसार बदलत असते आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ त्यावरून मुद्रणाची वेळ ताडून पाहतात. आवाजाची पट्टी वरखाली करून व्यक्ती लपवण्याची प्रचलित युक्तीही फारशी भरवशाची नाही, कारण तो बदल पुष्कळदा उलटा फिरवता येतो. अशा साक्षीचे शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेणे आणि तसे स्पष्ट सांगणे हाच अधिक सुरक्षित उपाय ठरतो.

न्यायप्रविष्ट प्रकरणांत आणखी एक संयम पाळावा लागतो. पुण्याच्या कबीर कला मंच या सांस्कृतिक पथकाचे कलावंत शीतल साठे आणि सचिन माळी यांच्यावर माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. तो नाकारत ते २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले, साठे यांना त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तर माळी यांना त्यांच्या दोन सहकाऱ्यांसह जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. अशा हकिकतीत सरकारी पक्षाच्या निवेदनाखाली भयसूचक स्वर आणि गायकाच्या बोलण्याखाली हळवी बासरी लावली, तर पुरावा मांडण्याआधीच निकाल दिल्यासारखे होते, आणि विचारी श्रोता त्या क्षणी माहितीपटावरचा विश्वास गमावतो. दोन्ही पक्षांचे बोलणे सारख्याच कोरडेपणाने ऐकवले, की गायकाच्या बाजूचे सत्य स्वतःच्या बळावर उभे राहते. तुरुंगात असलेल्या किंवा दिवंगत गायकाचा आवाज संगणकाकडून नव्याने घडवून घेण्याचे तंत्र आज सहज उपलब्ध असले तरी तेही वर्ज्य मानले पाहिजे, कारण ज्याच्याकडून त्याचा आवाज एकदा हिरावला गेला त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे हा त्याच छळाचा पुढचा टप्पा ठरतो.

भाषा आणि मालकी

कचारगडवरच्या कोणत्याही माहितीपटात भाषेचा प्रश्न शेवटी ध्वनिसंयोजनाचाच प्रश्न होतो. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि प्रसारमाध्यमांत ती क्वचितच ऐकू येते. म्हणूनच २०१० मध्ये छत्तीसगड परिसरात सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा' या सेवेला महत्त्व आले, कारण तीत साध्या मोबाइलवरून कोणालाही आपल्या भाषेत निरोप नोंदवता आणि ऐकता येऊ लागला. मराठी श्रोत्यांसाठी गोंडी बोलण्याचे भाषांतर द्यावेच लागते, परंतु ते पहिल्या शब्दापासून मूळ आवाजावर लादले तर बोलणारी व्यक्ती केवळ पार्श्वभूमी बनते. मूळ बोलणे आधी काही सेकंद एकटे चालू द्यावे, मग त्याची पातळी उतरवून मराठी भाषांतर आणावे, भाषांतर वक्त्याच्या आधी संपवावे आणि शेवटची एक-दोन वाक्ये पुन्हा गोंडीतच ऐकवावीत; गाण्यावर मात्र भाषांतर कधीही लावू नये, त्याचा आशय निवेदकाने आधी सांगून बाजूला व्हावे.

तयार झालेल्या कार्यक्रमात मुद्रित सामग्रीचा अगदी छोटा अंश वापरला जातो आणि उरलेले तासन्‌तास कोणाच्या तरी कपाटात किंवा संगणकात पडून राहतात. गुहेचा मोजलेला निनाद, किंगरीचे संपूर्ण वादन, कथेची निरनिराळी रूपे सांगणारे आवाज ही सर्व त्या समाजाची संपत्ती आहे. म्हणून कोणते मुद्रण खुले ठेवायचे, कोणते केवळ समाजापुरते आणि कोणते साक्षीदाराच्या हयातीत बंद, हे बोलणाऱ्यांच्या लेखी संमतीने ठरवून, दिनांक, स्थळ व भाषेची नोंद असलेली एक पूर्ण प्रत धनेगाव परिसरातल्या लोकांच्या स्वाधीन करणे आणि तिचा वापर करण्याचे तंत्र तेथल्या तरुणांना शिकवणे हा ध्वनिसंयोजनाचाच भाग मानला पाहिजे. दडपल्या गेलेल्या आवाजांचा इतिहास आजवर बहुतांशी दडपणाऱ्यांच्या कागदपत्रांतून लिहावा लागला. शंकरशाहांची रचनासुद्धा आरोपपत्राचा पुरावा म्हणूनच टिकली. ज्यांचा आवाज आहे त्यांच्याच हाती मुद्रण राहिले, तर पुढच्या पिढीतल्या गायकाची हकिकत सांगण्यासाठी कोणालाही त्याच्या फिर्यादीचे दप्तर उघडावे लागणार नाही.